वल्ह्याची शाळा

पुढारी घडविता येतो काय, हा प्रश्न कामगार चळवळीत वारंवार पुढे येतो. भाषणांचे वर्ग काढले तर वक्ते तयार होतात. पुढारी तयार होतीलच असे नाही. या प्रश्नाचे एक उत्तर श्रीनगरच्या ख्रिस्ती शाळेच्या इतिहासात सापडते. ते सर्वस्वी पटण्यासारखे नाही. परंतु विचार करण्याजोगे खास आहे.

सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को हे इंग्रज पाद्री १८९० साली त्या शाळेत रुजू झाले आणि १९४७ पर्यंत काश्मीरमध्ये राहिले. केंब्रिजमध्ये शिकत असता १८८४ च्या नौकाशर्यतीत विजयी नावेचे सुकाणू त्यांच्या हाती होते. श्रीनगरात त्यांना भेटली ती बहुतांशी पंडित घराण्यांतली मुले. परीक्षा द्यावी आणि सरकारी कचेरीत चिकटावे, एवढेच त्यांचे ध्येय. अंगमेहनतीचे काम म्हणजे कमीपणा. झेलमचे पाणी दारात असूनही वल्हे हाती धरणे हा हांजी लोकांचा, म्हणजे नावाड्यांचा धंदा. ब्राह्मणाच्या मुलाने तो कसा करावा?

बिस्कोंनी नेमके तेच वल्हे मुलांच्या हाती दिले. पोहणे सक्तीचे केले. नगरात आग लागली की मुले धावू लागली. पुरात अडकलेल्यांना नावांतून काढू लागली. पटकीची साथ आली तेव्हा कुदळ-फावडी घेऊन घाणीने तुंबलेल्या जागा उपसू लागली. इस्पितळातल्या रोग्यांना सरोवरावर हवा खायला नेणे हेही शाळेचेच काम. प्रथम लोक हसले, घरच्यांनी दोष दिला. परंतु वर्षामागून वर्षे तेच काम होत राहिले, तसे हसणारे कमी झाले.

या शाळेची गुण देण्याची पद्धतही निराळी होती. बुद्धीला जेवढे गुण, तेवढेच शरीराला आणि तेवढेच वर्तनाला. पुस्तकी हुशारीच्या जोरावर कोणी पहिला येऊ शकत नसे. शाळेच्या चिन्हावर एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन वल्ही आहेत. वल्हे म्हणजे कष्ट. त्याचे पाते हृदयाच्या आकाराचे, म्हणजे दया. आणि दोन वल्ह्यांची फुली म्हणजे स्वार्थत्याग. येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही कथा त्या शिक्षणाच्या मुळाशी होती. गंमत अशी, की धर्मांतर फारच थोड्या मुलांनी केले. ख्रिस्ती न होताही मुलांनी सेवेचा धडा घेतला.

आता दुसरी बाजू. १८९१ साली फुटबॉल आला, तेव्हा चामड्याच्या चेंडूचा विटाळ नको म्हणून मुले मागे सरली. शिक्षकांनी काठ्या घेऊन त्यांना खेळात ढकलले. चेंडू एकाच्या तोंडावर आदळला, तो रडू लागला. त्याला कालव्यावर नेऊन तोंड धुवविले आणि खेळ पुढे चालू झाला. रूढी मोडली हे खरे. पण काठीने मोडली हेही खरे. राज्यकर्त्यांच्या जातीचा गर्व त्यांच्या लेखनात जागोजागी दिसतो, त्याकडे डोळेझाक करता येत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. त्याच श्रीनगरात १९२४ साली सरकारी रेशीम कारखान्यातील कामगारांनी मजुरीवाढीसाठी काम बंद पाडले आणि संस्थानाने लष्कराच्या बळावर त्यांना दडपले. पूर हा निसर्गाचा कोप. तिथे वल्हे पुरते. अपुरी मजुरी हा माणसाचाच अन्याय. तिथे नुसत्या सेवेने भागत नाही. ही स्थिती कोणामुळे आली, असे विचारावे लागते. गल्ली साफ करणाऱ्या मुलाला ती वर्षानुवर्षे घाणेरडी का राहते, हेही शिकविले पाहिजे.

तथापि क्रम उलटा करून चालणार नाही. ज्याने कधी घाण उपसली नाही, ज्याला गरिबाच्या दारात उभे राहण्याची लाज वाटते, त्याने न्यायाची भाषा केली तर कामगार ती ऐकून घेतो; त्याच्यामागे जात नाही. युनियनच्या कचेरीत हे रोज दिसते. वर्गणी गोळा करायला, आजारी सभासदाला दवाखान्यात पोचवायला, सभेनंतर सतरंज्या उचलायला जो पुढे होतो, त्याचाच शब्द संपाच्या दिवशी चालतो.

ती शाळा श्रीनगरच्या शेखबागेत आजही भरते. आपल्या शाळांनी तिची काठी घेऊ नये. वल्हे मात्र जरूर घ्यावे, आणि मुलांना प्रश्न विचारण्याची मोकळीकही त्याबरोबर द्यावी.