हातांनी बोलणारे बेट

१/ अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड हे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील चिलमार्क गावात दर २५ माणसांमागे सुमारे एक जन्मतः कर्णबधिर असे. मोजकी घराणी आणि पिढ्यानपिढ्या आपापसांत होणारे विवाह, हे त्याचे कारण.

२/ तेथे खुणांची भाषा केवळ बधिरांची नव्हती. ऐकू येणारी मुलेही ती घरादारात, मोठ्यांच्या अंगाखांद्यावर खेळतच शिकत.

३/ १८८० मध्ये मिलान येथे बधिरशिक्षकांची परिषद भरली. तिने केवळ मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला आणि अनेक देशांच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. ते ठराव २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेने नाकारले. तोवर १३० वर्षे लोटली होती.

४/ १९९१ मध्ये लॉरा पेटिटो व पॉला मॅरेन्टेट यांनी दाखवून दिले, की खुणा पाहत वाढणारी बधिर बाळे हातांनीच बोबडे बोलतात.

५/ म्हणूनच पाळणाघरातील ताईने खुणा शिकणे, ही हौस नव्हे. ऐकू न येणाऱ्या बाळाची भाषेची पहिली वर्षे परत येत नाहीत. ती सांभाळणाऱ्याच्याच हाती असतात. चिलमार्कने हे परिषदेविना जाणले होते.