छापखाना कोणाचा? 'मूकनायक' ते मोबाईल

आपल्या चळवळीचा इतिहास आपण सत्याग्रहांचा आणि मोर्चांचा इतिहास म्हणून सांगतो. महाड, काळाराम मंदिर, दीक्षाभूमी, नामांतर. त्याच्या जोडीने साधनांचाही एक इतिहास आहे, तो मात्र कमी सांगितला जातो. खिळे, शाई, छापखाना, सायक्लोस्टाईल, कॅसेट आणि आता स्मार्टफोन. आपले म्हणणे लोकांपर्यंत नेणारे साधन कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि आपण हा प्रश्न विचारणेच सोडून दिले.

पैसे देऊनही जाहिरात छापली नाही

१ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. 'मूकनायक' निघणार अशी जाहिरात पैसे मोजून द्यायची तयारी असतानाही 'केसरी'ने ती छापली नाही. विचार करा, लेख छापा असे कोणी म्हणत नव्हते. फक्त जाहिरात, तीही रोख पैसे घेऊन. पण छापखाना त्यांचा होता, त्यामुळे नाही म्हणण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

बाबासाहेब शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडला. महाडच्या चवदार तळ्यानंतर पंधरवड्यात, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. बहुतेक मजकूर बाबासाहेब एकहाती लिहीत. वर्गणी येत नव्हती, कर्ज वाढत होते. १९२९ मध्ये तोही थांबला. १९३० मध्ये 'जनता' आली, १९५६ मध्ये तिचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. या सगळ्या धडपडीतून चळवळीने स्वतःचा छापखाना उभा केला, 'भारत भूषण'.

त्याचे मोल १९३६ मध्ये कळले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले होते. भाषण वाचून मंडळाला घाम फुटला. त्यांनी काही भाग गाळायला सांगितले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषद रद्द झाली. पण भाषण मेले नाही. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले आणि ते छापले 'भारत भूषण'मध्ये. आज जगभर अभ्यासला जाणारा 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हा ग्रंथ अशा रीतीने लोकांपर्यंत पोहोचला. छापखानाही मंडळाच्याच मर्जीतला असता तर काय झाले असते?

आम्हाला चरखा शिकवू नका

हे मांडले की काही तरुण मित्र लगेच म्हणतात, "दादा, फेसबुक, व्हॉट्सअॅप नसते तर आपल्याला विचारले कोणी असते? आता काय पुन्हा पोस्टकार्ड लिहायची?"

त्यांचा पहिला मुद्दा खरा आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडली तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांना जाग यायला किती दिवस लागले, ते आपल्याला माहीत आहे. ती बातमी आपल्या लोकांनी फिरवली. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला दगडफेक झाली, तेव्हा मोबाईलमधूनच समाज एक झाला. हे नाकारणारा माणूस कृतघ्न ठरेल.

यंत्राकडे पाठ फिरवणे ही आपली परंपरा नाहीच. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली आहे. माणसाला जनावरासारख्या कष्टातून सोडवून विचार करायला फुरसत देण्याचे काम यंत्र करते. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते आणखी पुढे गेले. सरकारने हात काढून घेतला की लोक स्वतंत्र होतात, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तिथे खाजगी मालकाची हुकूमशाही येते, असा त्यांचा इशारा होता. मोबाईलचा विचार करताना हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचायला हवेत. यंत्र हवे, पण मालक कोण हे विचारून हवे.

खिशातल्या छापखान्याचा मालक

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप या तिन्हींची मालक एकच कंपनी आहे, मेटा. यूट्यूब गूगलचे आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या फोनमधली अँड्रॉइड प्रणालीही गूगलचीच. म्हणजे चळवळीचा निरोप, भाषण, भीमगीत, फोटो, वर्गणीचा हिशोब हे सगळे परदेशातल्या दोन मालकांच्या वाड्यात भाड्याने राहते. भाडे आपण पैशात देत नाही, माहितीत देतो.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी मेटाच्या तिन्ही सेवा जवळपास सहा तास बंद होत्या. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या बहुजन पोरापोरींनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा अशा अर्थाचा फलक हातात धरला. भारतात गदारोळ उठताच कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माफी मागितली. मालकाला बाजार प्यारा असतो, आपला प्रश्न नाही.

आमच्या कामोठ्यातल्या अभ्यासिकेचेही एक पान होते. एके दिवशी नियमभंगाचे कारण देऊन ते बंद झाले. कोणता नियम, कोणती पोस्ट, काही कळले नाही. अर्ज केला, यंत्राने उत्तर दिले. पोलीस ठाण्यात निदान समोर माणूस तरी असतो, त्याच्याशी भांडता येते. इथे भांडायचे कोणाशी?

पाळतीचा विषय याहून गंभीर आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने लक्ष्य झालेल्यांची नावे पुढे आली, त्यात डॉ. आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. भीमा कोरेगाव खटल्यात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली घुसवल्याचा अहवाल आर्सेनल या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये दिला. ज्या साधनावर आपण बोलतो तेच साधन आपल्याविरुद्ध साक्षीला उभे राहू शकते.

मालक देशी असला म्हणजे?

सध्या यावर एक सोपे उत्तर दिले जाते, की परदेशी सोडा आणि स्वदेशी वापरा. हे उत्तर आपण तपासून घेतले पाहिजे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मालकाचा पासपोर्ट बदलल्याने यातला एकही शत्रू जात नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याच्या आरोपावरून खटला भरला. दोन व्यवस्थापकांवरचा दावा पुढे मागे घेतला गेला, पण एक गोष्ट जगासमोर आली. संगणकाच्या धंद्यात जात विमानाने प्रवास करून पोहोचली आहे.

आमच्या इथे हे उघड्या डोळ्यांनी दिसते. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आणि इकडे पनवेलला मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. ज्याला 'क्लाऊड' म्हणतात ते आभाळात नसते, ते या बिनखिडक्यांच्या इमारतींत असते. दारावर उभा असलेला कंत्राटी वॉचमन आणि आत फरशी पुसणारी बाई आपल्या वस्तीतली असते. आपली माहिती आत आहे आणि आपली माणसे दारावर. ही उतरंड ओळखीची नाही का?

मग करायचे काय?

फोन फेकून द्या, असे मी म्हणत नाही. फेसबुक, व्हॉट्सअॅप जरूर वापरा, पण चौकातल्या भिंतीसारखे. भिंतीवर पोस्टर लावावे, घरची कागदपत्रे तिथे ठेवू नयेत.

पहिले म्हणजे, प्रत्येक मंडळाने आपले लेख, फोटो, शाहिरांची गाणी, जुन्या अंकांचे स्कॅन स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवावेत. एक प्रत विहारात, एक कार्यकर्त्याच्या घरी, एक दुसऱ्या गावी. दुसरे, स्वतःच्या नावाची वेबसाइट घ्यावी. चार घरांनी मिळून वर्गणी काढली तर वर्षाचा खर्च जड नाही. तिसरे, सभासदांचे नाव-नंबर वहीत लिहिलेले असावेत. ग्रुप बंद झाला म्हणून संघटना बंद पडता कामा नये.

चौथे, मुक्त सॉफ्टवेअर शिकावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला आणि चांगले चालणारे लाखो संगणक कंपनीच्या लेखी जुने झाले. त्याच संगणकावर लिनक्स चालते, लिबरऑफिसमध्ये युनिकोड मराठी लिहिता येते, आणि त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. ज्ञान सोवळ्यात ठेवायचे नाही, हे तत्त्व आपल्यापेक्षा जास्त कोणाला पटायला हवे? आपल्या अभियंता मुलामुलींनी आठवड्यातला एक तास अभ्यासिकेला दिला तरी हे उभे राहते.

आणि शेवटचे. नुसती मालकी पुरत नाही. २५ जून २०१६ रोजी पहाटेच्या अंधारात दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, त्यात 'बुद्ध भूषण' छापखानाही गेला. जागा ट्रस्टची होती आणि इमारत धोकादायक असल्याचे कारण दिले गेले. समाज जागा झाला तो बुलडोझर फिरल्यावर. साधन आपले असावे, आणि त्याच्यावर रोजची राखण, हिशोब आणि वापर समाजाचा असावा. नाहीतर वेबसाइटसुद्धा एक दिवस तशीच जाईल, आणि तिचा ढिगाराही दिसणार नाही.

या १४ एप्रिलला डीजेची वर्गणी काढताना दोन हार्ड डिस्कची वर्गणीही काढा. तिथून सुरुवात होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!