युद्धकाळातले वाटून घेणे : लहान मुलांना काय सांगावे, कसे सांगावे

मे २०२५ मध्ये टीव्हीवर भोंग्यांचे सराव दाखवत होते, तेव्हा आपल्या मंडळाच्या बालवर्गातल्या सहा वर्षांच्या एका मुलीने मला विचारले, "आजोबा, कलघटगीत बॉम्ब पडेल का?" मी "नाही गं" म्हटले आणि पुढचा विषय काढला. ते उत्तर पुरेसे नव्हते, हे मलाही कळत होते. त्याच वर्गातल्या मोठ्या मुलांना क्षेपणास्त्रांची नावे तोंडपाठ होती. मात्र लढाई चालू असताना स्वयंपाकघरात, किराणा दुकानात, पोस्टात काय घडते हे एकालाही सांगता आले नाही. लहान मुलांना खरी काळजी तिथलीच असते. आई जवळ असेल ना, जेवायला मिळेल ना, एवढेच त्यांना हवे असते. म्हणून पाच ते दहा वर्षांच्या मुलांना सांगता येईल अशी माहिती इथे एकत्र केली आहे. पालकांनी व वर्ग घेणाऱ्यांनी ती आपल्या पद्धतीने वापरावी.

वळिवड्याची गोष्ट

सुरुवात वळिवड्यापासून करावी असे माझे मत आहे. एकतर ते आपल्याला जवळ आहे. धारवाड, बेळगाव, निपाणी करत कोल्हापूरला गेले की शेजारीच वळिवडे. दुसरे म्हणजे या गोष्टीत मुले आहेत.

१९४० च्या सुमारास पोलंडच्या पूर्व भागातली हजारो कुटुंबे सोव्हिएत फौजांनी घरातून उचलून सैबेरियाकडे नेली. १९४१ मध्ये करार होऊन त्यांची सुटका झाली, पण परत जायला देश मोकळा नव्हता. १९४२ मध्ये ती इराणमार्गे बाहेर पडली. काही मुले नवानगर संस्थानात बालाचडीला आली. तिथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी त्यांना आसरा दिला. १९४३ पासून कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुले. शाळा, चर्च, दवाखाना, बालवीर पथक असे सगळे एका खेड्याच्या कडेला वसले. १९४८ पर्यंत ही वस्ती होती.

इथे हिशेब स्वच्छ ठेवावा. (बँकेतली सवय, जात नाही.) "आपण त्यांना पोसले" असे मुलांना सांगू नये. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधल्या पोलिश सरकारने उचलला होता. आपल्याकडून मिळाली ती जागा, पाणी, बाजार आणि शेजार. पण ते साल विसरू नये. त्याच मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. कोणाकडेच भरपूर नव्हते, अशा वर्षी पाच हजार परकी माणसे शेजारी येऊन राहिली. हे आठ वर्षांच्या मुलाला नीट समजते. बंगालचे मात्र दहा वर्षांखालच्यांना सांगू नये.

गोष्टीचा उत्तरार्ध मला जास्त आवडतो. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना त्याच छावणीच्या जागेत वसवले गेले. त्या वस्तीचे नाव गांधीनगर. आज तिथली कापडाची घाऊक बाजारपेठ आपल्याकडच्या दुकानदारांनाही ठाऊक आहे, पण ते कापड जिथून येते तिथे एकेकाळी पोलिश मुले शाळेत जात होती हे किती जणांना ठाऊक असेल? एकाच जागेने दोनदा बेघरांना घर दिले. पोलिश लोक हे विसरलेले नाहीत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे.

सोमवारची रात्र

१९६५ मध्ये पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा धान्याचीही टंचाई होती. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर देश अवलंबून होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि त्यासाठी सोमवारची रात्र ठरली. शहरांतली अनेक हॉटेले त्या संध्याकाळी बंद राहू लागली.

आमच्या घरी यातून एक अडचण उभी राहिली, ती आई नेहमी सांगे. आजीचा सोमवार असायचा. दिवसभर उपास आणि रात्री सोडायचा, तर रात्रीचेच जेवण देशासाठी बंद! शेवटी तिने उपास दुपारीच सोडायचे ठरवले. महादेव समजून घेईल म्हणाली. आम्हा पोरांना आणि आजारी माणसांना सूट होती, आम्हाला दूध-भाकरी मिळे. मुलांना सांगताना ही सूट आवर्जून सांगावी. नाहीतर ऐकणारे मूल त्याच रात्री ताटावरून उठून बसते. तसे एकदा झाले आहे, आणि त्याच्या आईचा फोन मलाच आला.

१९७१ मला स्वतःला आठवते. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांच्यासाठी नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. वडील पत्र लिहून माझ्या हातात देत आणि ते पाच पैसे वेगळे मोजून देत. माझ्या दृष्टीने तो पाच पैशांचा तोटा होता, कारण तेवढ्यात गोळ्या येत. असे जुने तिकीट कोणाच्या संग्रहात असेल तर वर्गात जरूर आणावे. ते हातात घेऊन पाहिले की मुलांना एक कोटी हा आकडा सांगावाच लागत नाही.

दान आणि उसने यातला फरकही सांगता येतो. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोखे काढले. लोकांनी सोने दिले ते पंधरा वर्षांसाठी, आणि १९८० मध्ये त्यांना सोनेच परत मिळाले. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेतले ज्येष्ठ या परतफेडीच्या गोष्टी रंगवून सांगत. मात्र भार सगळ्यांवर सारखा पडला नाही, हेही मोठ्या मुलांपासून लपवू नये. जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी आली आणि कितीतरी सोनारांची भट्टी विझली. आपल्यातल्याही काही घरांना ती झळ बसली आहे.

ब्रिटनमध्ये तर जुलै १९४२ पासून चॉकलेट-गोळ्याही रेशनवर होत्या. बराच काळ माणशी चार आठवड्यांना साधारण ३४० ग्रॅम मिळत. ते रेशन उठायला फेब्रुवारी १९५३ उजाडला. आमच्या वर्गाला सगळ्यात जास्त धक्का या माहितीने बसला.

वर्गात काय करावे

भाषण नको. एक तराजू, पाव किलो शेंगदाणे आणि पुठ्ठ्याची कार्डे पुरतात. कार्डावर घरातली माणसे लिहायची, त्यात एक तान्हे बाळ आणि एक आजी हवीच. पहिल्यांदा कार्डाशिवाय "घ्या" म्हणायचे. मोठी मुले ओंजळी भरतात, धाकटी रडकुंडीला येतात. मग शेंगदाणे परत गोळा करून कार्डाप्रमाणे तोलून वाटायचे. मुले न्यायबेले अंगडीत आईबरोबर गेलेली असतात, त्यामुळे कार्ड आणि रांग त्यांना नवी नसते. नवे असते ते तोलण्याचे काम आपल्या हाती येणे. तान्ह्या बाळाला शेंगदाणे चावत नाहीत, मग त्याचा वाटा कोणाला, यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. मी मध्ये पडलो नाही.

वाटप संपल्यावर दारातून एका मुलाला उशिरा आत पाठवायचे. त्याच्याकडे कार्ड नाही, आणि त्याची भाषा कोणाला येत नाही. आता काय करायचे ते मुलांनीच ठरवायचे. आमच्या वर्गात एका मुलीने आपल्यातले मोजून चार दाणे दिले. दुसरा म्हणाला, "आधी त्याचं कार्ड करा." दोघांचेही ऐकून घ्यावे, गुण देऊ नयेत.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना वळिवड्याला नेण्याचा विचार आहे. पहाटे निघून रात्री परतता येईल. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरचे वळिवडे स्टेशन, मग गांधीनगर आणि शेवटी महावीर उद्यान असा क्रम ठेवू. गांधीनगरात कापडाची दुकाने असल्यामुळे महिलांसाठी एक तास वेगळा धरला आहे. तो पुरणार नाही हे मलाही माहीत आहे.