तळटीप : ‘तरुण आहे रात्र अजुनी’

* कवी सुरेश भट (जन्म : अमरावती, १५ एप्रिल १९३२, मृत्यू : नागपूर, १४ मार्च २००३). संगीत हृदयनाथ मंगेशकर, स्वर आशा भोसले. या गीतामागे एक कथा हमखास सांगितली जाते : रणांगणावरून आलेले नवऱ्याचे पार्थिव आणि त्याच्याशी बोलणारी नवी नवरी.  कवितेत मात्र युद्धाचा, सैनिकाचा मागमूस नाही. आरंभीच नायिकेची तक्रार आहे ती राजसाने इतक्यात कूस बदलल्याची. पुढे कोजागिरीचे चांदणे येते, रातराणी येते, पश्चिमेचा गार वारा येतो. मरणाची चाहूल लागते ती फक्त त्याच्या ‘विझण्या’मुळे आणि ‘मिटण्या’मुळे. ती चाहूल खरी आहे, म्हणूनच कथा रुजली. पण अपुऱ्या शृंगाराची ही व्याकुळता स्वतःच्या बळावर उभी आहे, तिला शहिदाचा आधार लागत नाही, असे आमचे ठाम मत आहे. मृत्यूवर लिहिताना भट आडपडदा ठेवत नसत. ‘इतकेच मला जाताना’ या त्यांच्या गझलेत बोलणारा थेट सरणावरच आहे.