नक्राश्रू

‘नक्राश्रू’ हा आपला शब्द संस्कृत वेषातला; वळण मात्र इंग्रजीचे आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंचमध्ये अवतरलेल्या सर जॉन मँडेव्हिलच्या प्रवासवर्णनात मगर माणसास मारते आणि रडत रडत खाते. गंमत अशी, की स्वतःस इंग्रज सरदार म्हणविणाऱ्या या लेखकाने पुष्कळसा मजकूर इतरांच्या ग्रंथांतून उचललेला होता! १५८९ साली हॅक्लुटने छापलेल्या हॉकिन्सच्या सफरीच्या वृत्तांतात ती, भक्ष्य जवळ यावे म्हणूनच, हुंदके देते. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोने हा आळ निरपराध डेस्डेमोनावर घेतला. मगरीवरचा तर अद्याप फिटलेला नाही. तिच्या भाईबंद ॲलिगेटरांच्या डोळ्यांत खाताना खरोखरच पाणी येते, असे फ्लॉरिडातील निरीक्षकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. खाताना सोडलेल्या फूत्कारांमुळे ते येत असावे, असा त्यांचा तर्क आहे.