रोलर ओढणारा गडी

श्रोतेहो, आपल्या घोटीकडे भाताची कापणी आटोपली की रिकाम्या खाचरांतून पोरांचे क्रिकेटचे डाव सुरू होतात. ढेकळे फोडायची, जमीन चोपायची आणि मग खेळायचे. या जमीन चोपण्यावरूनच मला आज एका खेळाडूची गोष्ट सांगायची आहे.

बाळू पालवणकर यांचा जन्म चर्मकार कुटुंबातला, १८७६ सालचा. पुण्यात पारशांच्या क्रिकेट मैदानावर झाडलोट करायची आणि रोलर ओढायचा, हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या क्लबात चार रुपयांवर लागले. साहेबांना सराव हवा म्हणून बाळूंनी तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. पण चेंडू टाकून टाकून त्यांचा डावा हात असा तयार झाला, की भले भले साहेब चकू लागले.

ही कीर्ती ऐकून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चाले. चहाची वेळ झाली, की बाळू तंबूच्या बाहेर, आणि चहा मातीच्या भांड्यात! चेंडूला विटाळ नाही, कपाला मात्र आहे, असा हा न्याय.

पुढे ते मुंबईला गेले, रेल्वेत नोकरीला लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. पण पस्तिशीच्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले.

मग कर्णधार कोण? बाळू नव्हेत. संघाची सूत्रे अधिकृतपणे त्यांच्या हाती कधीच आली नाहीत. १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याने दार ठोठावले, आत गेला धाकटा.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात आले. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे खुद्द डॉक्टर आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

काही जण म्हणतील, अहो, खेळाने जात मोडली की! मला तसे वाटत नाही. नुसत्या बळींनी ती मोडली असती, तर ११४ बळी पुष्कळ झाले. खेळाने दाराला फट पाडली. दार उघडणे हे माणसांचे काम होते, आणि त्याला फार उशीर झाला.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या शाळेच्या मैदानावर एवढेच पाहा: रोलर कोण ओढतो, आणि कर्णधार कुणाला करतात? दोन्ही ठिकाणी दरवेळी तीच ती पोरे दिसली, तर बाळूंची गोष्ट अजून संपलेली नाही, असे समजा.