विद्यार्थ्यांच्या हातची बाग

शहरांतील पुष्कळ शाळांच्या आवारांत एक लहानशी बाग असते. तिच्याभोंवतीं तारेचें कुंपण असतें आणि कुंपणावर ‘फुलें तोडूं नयेत’ अशी पाटी लावलेली असते. बाग माळी करतो. विद्यार्थी ती लांबून पाहतात. अशी बाग शाळेची खरी, पण मुलांची नव्हे. मुलांनीं आपल्या हातांनीं बाग करावी आणि तिच्याच सावलींत शिकावें, सभा भरवाव्या, हा विचार आपल्या देशांत एके ठिकाणीं मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यांत आला. त्या शांतिनिकेतनाची हकीकत आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत ठेवावयाची आहे.

बंगालमधील बोलपूरजवळची ती जमीन मूळची उजाड. माती तांबडी व खडकाळ. पावसाच्या लोटांनीं पोखरून ठिकठिकाणीं घळी पडलेल्या. १८६३ सालीं महर्षि देवेंद्रनाथ ठाकुरांनीं तेथील वीस बिघे जमीन कायम पट्ट्यानें घेतली, तेव्हां तिच्यावर सातविणीचीं दोन झाडें होतीं. पुढें तेथें आंबराई झाली, शालवृक्षांची ओळ उभी राहिली. १९०१ सालीं महर्षींचे पुत्र रवींद्रनाथ यांनीं अवघे पांच विद्यार्थी घेऊन शाळा काढली, आणि वर्ग भरूं लागले ते या झाडांखालीं.

या वर्गांची मांडणी अगदीं साधी होती. झाडाच्या बुंध्याशीं शिक्षकाची बैठक आणि तिच्यासमोर अर्धवर्तुळांत मुलें. प्रत्येक विद्यार्थी आपलें आसन बरोबर आणी आणि तास संपला कीं उचलून नेई. पाऊस आला म्हणजे वर्ग उठे. भिंत नव्हती, म्हणून मागचा बाकही नव्हता. जी जागा वर्गाची, तीच सभेची. १९१३ सालीं नोबेल पारितोषिकाची वार्ता आल्यानंतर कलकत्त्याहून मंडळी आली, त्यांनीं कवीचा सत्कार केला तो या आम्रकुंजांतच. पुढें विश्वभारतीच्या पदवीदानाचे समारंभही येथेंच होऊं लागले, आणि स्नातकांच्या हातीं सातविणीची डहाळी देण्याचा प्रघात पडला.

परंतु झाडाखालीं बसणें आणि झाडाखालची जागा झाडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी १९१५ मध्यें गांधीजी शांतिनिकेतनास आले. दोनच दिवसांनीं पुण्यास नामदार गोखल्यांचें निधन झालें आणि ते पुण्याकडे निघाले. मार्चमध्यें परत आल्यावर त्यांनीं विद्यार्थ्यांपुढें एक प्रश्न ठेवला. आपला स्वयंपाक, आपलीं भांडीं, आपली झाडलोट हीं कामें पगारी नोकरांनीं कां करावीं? आपले काकासाहेब कालेलकर त्या वेळीं तेथेंच होते. त्यांचा या कल्पनेला मनापासून पाठिंबा होता. रवींद्रनाथांनींही संमति दिली. १० मार्च रोजीं सुमारें सव्वाशें मुलें आणि त्यांचे शिक्षक कामाला लागले. उत्साहाला उणें नव्हतें. तरीही थोड्याच काळांत हा प्रयोग बंद पडला. त्याची आठवण म्हणून १० मार्चला ‘गांधी पुण्याह’ पाळतात. त्या दिवशीं नोकरांना सुटी असते आणि विद्यार्थी सारें आवार झाडून काढतात. वर्षांतून एक दिवस आठवण ठेवावी हें चांगलें. पण एका दिवसाच्या श्रमानें बाग जगत नाहीं.

ही उणीव रवींद्रनाथांनीं ओळखली असावी असें पुढील घटनांवरून वाटतें. ६ फेब्रुवारी १९२२ रोजीं जवळच्या सुरूल येथें ग्रामसुधारणेचें केंद्र निघालें. तेंच पुढें श्रीनिकेतन म्हणून प्रसिद्ध झालें. लिओनार्ड एल्महर्स्ट या इंग्रज कृषितज्ज्ञाबरोबर तेथें गेलेल्या विद्यार्थ्यांनीं भाजीपाल्याची बाग केली, आणि शौचकूपांची व्यवस्थाही भंग्यावर न टाकतां स्वतःकडे घेतली. मैला चरांत पुरून त्याचें खत करावयाचें आणि त्या जमिनींत भाजी लावावयाची. उच्चवर्णीय घरांतून आलेल्या मुलांना हें किती जड गेलें असेल, याची कल्पना आपण करूं शकतों. १९२४ सालीं निघालेल्या ‘शिक्षासत्र’ या खेड्यांतील मुलांच्या शाळेंत तर बागकाम हा शिक्षणाचाच भाग ठरला.

यानंतर १४ जुलै १९२८ रोजीं शांतिनिकेतनांत पहिला वृक्षारोपणाचा उत्सव झाला. कवीच्या स्नुषा प्रतिमादेवी यांच्या कुंडींतील बकुळीचें रोप त्यासाठीं घेतलें होतें. पृथ्वी, आप, तेज, वायु आणि आकाश या पंचमहाभूतांचीं सोंगें घेऊन मुलें त्या रोपाच्या स्वागताला उभीं राहिलीं. लगेच श्रीनिकेतनांत हलकर्षणाचा समारंभ झाला आणि कवीनें स्वतः नांगर धरला. १९४१ सालीं रवींद्रनाथ निवर्तले. तेव्हांपासून त्यांच्या पुण्यतिथीस, म्हणजे बंगाली श्रावणाच्या बावीस तारखेस, तेथें झाडें लावतात. गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ रोप लावावें, यापरतें उचित श्राद्ध कोणतें?

२०२३ सालीं शांतिनिकेतनाची गणना जागतिक वारसास्थळांत झाली. हा मान मोठाच आहे. पण आपल्या शाळांनीं त्या आंबराईची नुसती नक्कल केली, चार पार बांधले आणि एका समारंभांत दहा रोपें लावलीं, तर तिसऱ्या वर्षीं पार तेवढे उरतील. बागेचा नकाशा काढण्यास बसाल तेव्हां वाफे कोठें आणि बैठक कोठें हें अवश्य ठरवा. परंतु त्याच कागदावर आणखी एक गोष्ट लिहा. मे महिन्याच्या सुटींत, शाळा ओस पडलेली असतां, कोणत्या दिवशीं कोणता विद्यार्थी पाणी घालणार आहे, त्याचें नांव लिहा. एवढें साधलें तर कुंपणावरची ती पाटी आपोआप उतरवतां येईल.